फुले सरल्यानंतरची व्यवस्था

मी, दू ग्वेझेन, कै. हौ बाओतियान यांची पत्नी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पिओनीच्या फुलझाडांची लागवड, राहणार हौवाडी, हेझे शहराबाहेर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवते ऐसाजे: माझे गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि डॉक्टर म्हणतात की छातीचा भाता आता फार दिवस चालायचा नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याकडून एखादे रोप विकत घेऊन पाहावे.

लिहिणार आणि पहिले साक्षीदार आहेत आमच्या गावच्या शाळेचे निवृत्त फान गुरुजी. मी सांगेन तसे लिहायचे, पदरचे काही घालायचे नाही, असे ठरले आहे. तरी पहिल्याच ओळीत त्यांनी ‘दिवंगत पतीच्या पुण्यस्मृतीस वंदन करून’ असे घातले होते. ते मी खोडायला लावले. बाओतियानला वंदन-बिंदन आवडत नसे. त्याला गरम नूडल्स आणि गप्प बसलेली माणसे आवडत.

दुसरे साक्षीदार म्हणून शेजारच्या गावचे टोफूवाले लू देशून यांना बसवले आहे. ते सकाळी टोफू द्यायला आले होते, त्यांना मी जाऊ दिले नाही. आम्ही अंगणात बसलो आहोत. बागेत रुईलान सुकलेली फुले छाटते आहे, तिच्या कात्रीचा आवाज उजव्या कानाने मला नीट ऐकू येतो.

कलम पहिले. जमीन.

जमीन गावाची आहे. ती माझी नव्हती, माझ्या सासऱ्यांची नव्हती, आणि थोरल्या छांगलिनने कितीही नकाशे काढले तरी त्याची होणार नाही. कसण्याचा हक्क घराच्या नावावर आहे आणि घराच्या नोंदीत आता दोनच नावे उरली आहेत: माझे आणि यान रुईलानचे. रुईलान ही माझ्या धाकट्या मुलाची, छांगहेची, पूर्वीची बायको. ‘पूर्वीची’ हा शब्द गुरुजींनी घालायला लावला. काडीमोड झाल्यावर तिचे नाव कमी करून टाक, असे छांगहेने मला फोनवर सांगितले होते. मी म्हटले, “कचेरी लांब आहे रे, माझे गुडघे दुखतात.” त्याच आठवड्यात मी देवळाच्या जत्रेला पायी गेले होते, हे सगळ्या गावाने पाहिले आहे. तेव्हा माझ्यामागे जमीन रुईलानने कसावी. यात मी काही देत नाही, जे आहे ते नुसते सांगते.

कलम दुसरे. घर.

घर थोरल्या मुलाला, हौ छांगलिनला. तो जिनान शहरात लोकांना घरे विकतो आणि आपले घर त्याला गैरसोयीचे वाटते. पण बापाची तसबीर त्याच घरात आहे आणि तसबिरीपुढे उदबत्ती लावणे त्याच्याकडे आहे, म्हणून घर त्याचे.

छांगलिन वाईट नाही. रोज फोन करतो, औषधांची नावे मला पाठ नाहीत पण त्याला आहेत. त्याचे एकच चुकते. त्याला फुले दिसतात, झाड दिसत नाही. यंदाच्या फुलांच्या जत्रेला आला होता तेव्हा जेवताना म्हणाला, “आई, फुलं वर्षातून पंधरा दिवस. बाकी सगळं वर्ष नुसती पानं. पानं बघायला कोण येतं?”

“मी बघते.”

“तू सोडून.”

“रुईलान बघते.”

“आई, मी धंद्याचं बोलतोय. अर्ध्या बागेत फरशी घालून गाड्या लावायला जागा केली, तर जत्रेच्या दिवसांत—”

“आणि बाकीचं वर्ष? नुसती फरशी. फरशी बघायला कोण येतं?”

तो हसला. त्याचे हसू थेट बापाचे आहे, म्हणून त्याच्यावर माझा राग टिकत नाही. नाहीतर मागचे एक प्रकरण मी या कागदात विस्ताराने लिहवले असते. थोडक्यात लिहवते. एका पावसाळ्यात माझ्या डोळ्याचे ऑपरेशन होते, रुईलान माझ्याबरोबर शहरात होती. छांगलिनचा कोणी मित्र लग्नाचे फोटो काढायला बागेत येणार होता. त्या दिवसांत पिओनीची पाने काळपट ठिपक्यांनी भरतात, कडा जळतात, बघवत नाहीत. छांगलिनने माणसे लावून सगळी पाने एका दिवसात कापून टाकली. बाग न्हाव्याकडून आल्यासारखी चकचकीत झाली. झाडांनी काय समजावे? त्यांना वाटले, पानगळ झाली, थंडी झाली, आता वसंत. ऐन शरदात ती फुलली. छांगलिनने फटाके लावले, शुभशकुन म्हणून चार लोक बोलावले, आणि मी आणि रुईलान उंबऱ्यावर बसून त्या फुलांकडे तेराव्याला आल्यासारख्या बघत होतो. पुढच्या वसंतात एक कळी नाही. पिओनीवाल्याच्या पोटी जन्मलेला मुलगा! तेव्हापासून तो बागेत शिरला की हात पाठीमागे बांधून चालतो. त्याला ते कळले, एवढे मला पुरे आहे.

घराला एक अट आहे. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकी माहेरी येतात. रुईलानचे आईबाप कधीच गेले, तिच्या भावाने दार लावून घेतले. त्या दिवशी गावातल्या साऱ्या सुना नवे कपडे घालून, हातात मिठाईचे डबे घेऊन बाहेर पडतात, आणि ही चुलीपुढे बसून भांडी घासते, तीही आधी घासलेली. मला ते बघवत नाही. म्हणून असे ठरवते की रुईलान कुठेही राहो, त्या दिवशी या घराचे दार तिच्यासाठी उघडे असावे, पूर्वेच्या खोलीत शेगडी पेटलेली असावी आणि छांगलिनच्या बायकोने कोबी-मांसाचे मोदक उकडावेत. ते विकतचे नसावेत. ज्या वर्षी दार उघडले नाही, त्या वर्षापासून घर रुईलानचे.

गुरुजी म्हणतात, हे कोर्टात टिकणार नाही. मी म्हणते, छांगलिनच्या मनात टिकेल. लिहा.

कलम तिसरे. धाकट्यासाठी.

बँकेत जे काही आहे ते दोन्ही मुलांना सारखे. याशिवाय धाकट्या छांगहेला त्याचा निळा, कापूस भरलेला कोट परत द्यावा. तो कपाटात वरच्या फळीवर आहे. त्याला मातीचे डाग आहेत, ते मी मुद्दाम धुतलेले नाहीत. तो इथे कसा आला ते पुढे येईल.

छांगहे दक्षिणेला ग्वांगचौला राहतो. तिथे त्याचा दुसरा संसार आहे. मी त्याच्यावर चिडले, भांडले, फोन आपटला, पण लहानपणी ताप आला की तो माझा हात धरूनच झोपायचा आणि मला ते अजून आठवते. आईने काय करावे? त्याला यायचे असेल तर यावे. फक्त फुलांच्या दिवसांत येऊ नये, तेव्हा सगळेच येतात. फुले सरल्यावर यावे. तेव्हा काम असते.

कलम चौथे. फावडे.

माझे मोठे फावडे बाओतियानचा चुलतभाऊ, शेजारी हौ बाओशान, याला द्यावे. त्याने पावसाच्या पाण्याचा आपला चर माझ्या खालच्या वाफ्यांकडे वळवला आहे. पिओनीला उन्ह चालते, थंडी चालते, भूक चालते. पायात पाणी चालत नाही. मुळे कुजतात. दर पावसाळ्यात मी त्याला सांगितले आणि दर पावसाळ्यात तो म्हणाला, “वहिनी, पाणी काय माझ्या सांगण्यावरून वाहतं?” फावडे मिळाल्यावर त्याला पाण्याशी बोलणे सोपे जाईल.

भिंतीपलीकडून आत्ता खोकल्याचा आवाज आला. बाओशान ऐकतो आहे. ऐकू दे.

कलम पाचवे. झाडे.

जमीन गावाची असली तरी तिच्यावर उभे आहे ते माझे. बागेतली सगळी पिओनीची झाडे, कुंडीतली आणि जमिनीतली, रोपवाटिकेतली कलमे, बाओतियानची छाटायची कात्री, दोन्ही कुदळी, पेंड कुजवायचे रांजण, हे सर्व यान रुईलानला. ती माझी सून होती. आता कायद्याने माझी कोणी नाही. मी तिला माझी लेक म्हणते, आणि हे मृत्युपत्र असल्यामुळे कोणाला मध्ये बोलता येणार नाही.

का दिली, ते सांगणे भाग आहे.

आमच्या गावाची रीत अशी. शरदात चांगली झाडे निवडायची, पाने काढायची, कुंडीत भरायची आणि ट्रकने दक्षिणेला न्यायची. तिथल्या उबेत ती नव्या वर्षाला फुलतात. भर थंडीत फुललेली पिओनी दिवाणखान्यात ठेवली की वर्ष भरभराटीचे जाते, असे तिकडचे लोक मानतात. सण संपला की झाड कचऱ्यात. कोणीही ते परत आणत नाही. आमच्याकडे म्हणतात, दक्षिणेला गेलेले झाड आणि अंगणात ओतलेले पाणी, दोन्हींची वाट बघू नये. ऋतू मोडून फुलवलेल्या झाडात जीव उरत नाही, असा सगळ्यांचा समज.

छांगहे आणि रुईलान लग्नानंतर दर हिवाळ्याला जात. एका वर्षी छांगहेने कुंड्या भरताना लक्ष दिले नाही. त्याचे लक्ष तेव्हाच इथे नव्हते. एक उशिरा फुलणारे झाड लवकरच्या झाडांत गेले. असली चूक आमच्या गावातला शेंबडा पोरही करणार नाही. नवे वर्ष आले, सगळ्या कुंड्या फुलल्या, आणि ते एक झाड मूठ आवळल्यासारखी कळी धरून बसले. शेवटी कळी गळली. गिऱ्हाइकाने झाड परत आणून आदळले, छांगहेने ते बाजारामागच्या ढिगावर फेकले. त्याच आठवड्यात त्याने रुईलानला सांगितले की आता माझे घर इथे आहे आणि त्या घरात तू नाहीस.

रुईलान एकटी परत आली. रेल्वेच्या लाकडी बाकावर बसून आली आणि तिच्या मांडीवर ते झाड होते, छांगहेच्या निळ्या कोटात गुंडाळलेले. कोट तिने त्याच्याच खुंटीवरून काढला होता. गावात शिरताना वेशीवरच बाओशानने गाठले.

“काय गं रुईलान, लोक दक्षिणेहून पैका आणतात. तू कचरा आणलास?”

“काका, हे फुललंच नाही अजून. मग संपलं कसं?”

मी दारात उभी होते. ती आली, माझ्या पाया पडली नाही, रडली नाही, नुसती उभी राहिली. मला दिसले की हिला आत घेतले नाही तर ही कुठेही जाणार नाही, इथेच उभी राहील. मी छांगहेचे विचारले नाही. तिच्या हातातून झाड घेतले, मुळे चाचपली आणि म्हटले, “विहिरीपलीकडे वारा कमी लागतो. तिथं खड्डा घे.”

खरे म्हणजे पिओनी लावायची ती शरदात, आठव्या महिन्यात. वसंतात लावलेली पिओनी म्हातारपणापर्यंत फुलत नाही, असे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला सांगतात. पण दारात आलेल्याला महिना विचारत नाहीत.

पुढची काही वर्षे त्या झाडाला जी कळी आली ती रुईलानने खुडली. गाव हसले. “फुलाचं झाड आणि फूल येऊ देत नाही, बाई वेडी आहे.” ती म्हणायची, “आधी अंग धरू दे.” मग एका वसंतात तिने एक कळी ठेवली. फुलांची जत्रा आली, गेली. गाड्या गेल्या, भजी-शेंगदाणेवाले गेले, सगळ्या बागांतल्या पाकळ्या झडून गेल्या. आणि मग ते उमलले. वाटाण्याच्या कोवळ्या शेंगेसारखे हिरवे, भाताच्या वाडग्याएवढे. बघायला आम्ही दोघीच. रुईलान त्या दिवशी रडली. मीही रडले, माझे डोळे तेव्हा चांगले होते.

आज ते फुललेले आहे. मी बसले आहे तिथून दिसते.

कलम सहावे. फुले सरल्यावर काय करावे.

हे कलम झाडे ज्याच्या हातात जातील त्याच्यासाठी. रुईलानला सगळे येते, पण माणसाचा काय भरवसा, उद्या तिला पडसे झाले आणि छांगलिन मदतीला आला तर?

सुकलेले फूल लगेच छाटावे. बी धरू देऊ नये, बी धरण्यात झाडाची ताकद जाते. छाटताना फुलाखालचे पान राखावे. मग भूक लागते. बाळंतिणीला लागते तशी. तेव्हा सोयाबीनची कुजवलेली पेंड घालावी, बुंध्याला चिकटवून नव्हे, हातभर लांब. माती वरवर उकरावी. पावसात पाणी काढून द्यावे (कलम चौथे पाहा). पाने कितीही कुरूप झाली तरी आपल्या हाताने काढू नयेत (कलम दुसरे पाहा). पुढच्या वर्षीची कळी त्याच कुरूप पानांच्या जिवावर आत तयार होत असते, ती बाहेरून दिसत नाही. आणि झाड हलवायचे असेल तर आठव्या महिन्याआधी हलवू नये. मग खुशाल हलवावे. जिथे जाईल तिथे धरते.

पेंडीचा विषय निघाला म्हणून लू देशूनचा विषय आला. गुरुजी, थांबू नका. लू देशून, तुम्ही बसून राहा.

यांची बायको जाऊन बरीच वर्षे झाली. टोफूच्या गिरणीबरोबर यांचा तेलाचा घाणाही आहे. फुले सरली की हे तीनचाकीवर पेंडीच्या चकत्या घेऊन येतात आणि पैसे घेत नाहीत. पेंड रांजणात कुजली की असा वास सुटतो की गाव नाके मुरडते. रुईलान मात्र त्या दिवशी केस धुते. एकदा मी खिडकीत होते तेव्हाचे बोलणे:

“लूदादा, इतकी पेंड कशाला? मागच्या वर्षीची अजून आहे.”

“शिळी झाली असेल.”

“पेंड कुजवूनच घालायची असते.”

“मग... ही पुढच्या वर्षासाठी.”

मागच्या वर्षी त्यांनी लग्नाचे विचारले. सरळ माझ्यासमोर, टोपी हातात घेऊन. रुईलान म्हणाली, फुलं छाटून होऊ देत. छाटून झाली, तर पेंड घालून होऊ दे. मग पावसाळा जाऊ दे. मग पानं पडू देत. पाने पडली, तर म्हणाली, आता कळ्या फुगतील. मी तिला म्हटले, “बये, झाडाला कामं चार आणि तुझ्या सबबी चाळीस.”

“आई, तुमचं कोण करेल?”

“माझं करायला मी आहे ना अजून.”

“तुमच्यानं मोरीचा उंबरा ओलांडवत नाही.”

“मग मी मरेपर्यंत त्या माणसाला पेंड वाहायला लावणार का?”

मला खोकला आला, तर ती पाणी घेऊन आली. तेवढ्यावर विषय संपला.

मला या कागदातून एवढेच हवे आहे की तिच्या सबबींत माझे नाव नसावे. घर, कोट, फावडे हे सगळे तोंडी सांगूनही भागले असते.

कलम सातवे. माझ्या मागे.

आमच्याकडे घरातले वडील माणूस गेले की तीन वर्षे शुभकार्य करीत नाहीत. छांगलिन-छांगहे पाळतील न पाळतील, रुईलान पाळेल. कोणी सांगितले नाही तरी पाळेल, ती तशीच आहे. तीन वर्षांत लू देशून आणखी म्हातारे होतील आणि मग तिला सबबीचीही गरज उरणार नाही. म्हणून मी बजावून लिहवते: माझ्यासाठी रुईलानने एक दिवसही शोक धरू नये. मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी वरात आली तरी माझी हरकत नाही, फक्त ती बागेतून आणू नये, वाफे तुडवले जातील.

तिने लग्न केले तरी झाडे तिचीच. हौ घराण्याने ‘परघरी गेली’ म्हणून एक कलमही मागू नये. तिला ती बरोबर न्यायची असतील तर आठव्या महिन्यात न्यावीत. ठेवायची असतील तर ठेवावीत. कंटाळा आला तर विकावीत, वाटून टाकावीत. ही झाडे मी तिला देते आहे, तिला झाडांना देत नाही. यात पुन्हा घोळ करू नये.

पाठवणी याच घरातून व्हावी. मी असेन तर मी करीन. नसेन तर दाराशी माझी काठी उभी करून ठेवावी.

कलम सात इथे संपले. मजकूर संपला, असे समजून गुरुजींनी साक्षीदारांचा नियम वाचून दाखवला: ज्याला या कागदातून लाभ आहे त्याची, आणि लाभ असणाऱ्याच्या घरच्या माणसाची साक्ष चालत नाही. पुढे जे झाले तेही लिहा, असे मी सांगितल्यावरून ते लिहीत आहेत.

लू देशून यांनी पेन हातात घेतला होता, आपले आडनाव लिहून झाले होते. गुरुजींनी चष्म्यावरून बघत विचारले, “नियम म्हणून विचारतो. तुमचा यात काही संबंध?”

“संबंध म्हणजे... पेंड देतो मी.”

“पेंड कायद्यात येत नाही. या घरचे कोणी लागता का?”

लू देशून यांनी माझ्याकडे पाहिले, मग कागदाकडे पाहिले. “नाही,” ते म्हणाले आणि पुढचे नाव लिहायला वाकले. इतके गरीब ‘नाही’ मी आजवर ऐकलेले नाही.

कात्रीचा आवाज थांबला होता. केव्हा थांबला कळले नाही. रुईलान वाफ्यातून आली. तिच्या ओच्यात सुकलेली फुले होती.

“गुरुजी, त्यांची सही घेऊ नका.”

“का गं? माणूस चांगला आहे.”

“चांगला आहे. पण उद्या कोणी म्हणेल, घरच्याच माणसाची साक्ष घेतली. कागद अडकेल.”

गुरुजींना पटकन कळत नाही. “घरचे कुठे आहेत? आत्ताच नाही म्हणाले ते.”

“त्यांना विचारून काय उपयोग? त्यांनी मागच्या वर्षीच विचारलंय. उत्तर मी द्यायचं होतं.” मग ती त्यांच्याकडे वळली. आजपर्यंत ती त्यांना लूदादा म्हणत आली. “अहो, पेन ठेवा खाली. पानं पडली की बघू, असं मी म्हणत होते ना? नाही बघत आता. आठव्या महिन्यात ते हिरवं झाड काढायचं आहे. खड्डा तुमच्याकडे घेऊन ठेवा. विहिरीजवळ, वारा लागणार नाही असा.”

लू देशून यांनी पेन ठेवला. मग पेन टेबलावरून गडगडला, तो त्यांनी उचलून पुन्हा ठेवला. “खड्डा आहे,” ते म्हणाले. “मागच्या शरदातच घेतलाय.”

मला रडू आले. गुरुजी म्हणतात, मृत्युपत्रात हे लिहीत नाहीत. मी म्हणते, लिहा.

“आणि आई,” रुईलान मला म्हणाली, “मोरीचा उंबरा मी उद्याच तोडून घेते. आणि सकाळ-संध्याकाळ मी इथं असेनच. शेजारचं गाव आहे, दक्षिण नाही.”

साक्षीदार कमी पडला. तेव्हा भिंतीवरून बाओशानचे डोके वर आले. “वहिनी, मी करतो सही. मला तर नुसतं फावडंच मिळतंय.”

“फावडं हाही लाभच,” गुरुजी म्हणाले.

“मग फावडं नको. चर वळवायला माझं फावडं आहे.”

“इतकी वर्षं कुठं होतं ते?”

“इथंच होतं. तुम्ही नुसत्या भांडलात, वळव असं कधी म्हणालात?”

मी दर पावसाळ्याला म्हणाले होते. पण साक्षीदार हवा होता, म्हणून गप्प बसले. सबब कलम चौथे रद्द समजावे. चर वळलेला दिसेपर्यंत बाओशानला टोफूची भाजी घालू नये.

कलम आठवे, नव्याने घातलेले. आठव्या महिन्यात झाड हलेपर्यंत मी मरणार नाही. हे कलम कायद्याला मान्य नसेल तर नसो.

येणेप्रमाणे सारे मजकूर मला वाचून दाखवले, उजव्या कानाशी, मोठ्याने. ते माझेच आहेत. कोणी धाक घातला नाही. घालणार कोण?

स्थळ: हौवाडी, घरचे अंगण.
तारीख: उन्हाळा लागण्याचा दिवस, चौथा महिना.

मृत्युपत्र करणार: दू ग्वेझेन (सही, आणि गुरुजींच्या समाधानासाठी अंगठाही)

लिहिणार व साक्षीदार पहिला: फान वनकुई

साक्षीदार दुसरा: लू — खोडले.
साक्षीदार दुसरा: हौ बाओशान, शेजारी, लाभ काही नाही.

खोडलेल्या नावाखाली सही मृत्युपत्र करणाराची लागते, असा नियम आहे. पण माझ्या हातातला पेन तिने घेतला.

खाडाखोड मंजूर. — यान रुईलान